अनाथसंगोपनाची चिकित्सा: अहमदनगर जिल्ह्यातील मिशन-कार्याच्या आधारे

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनांनी अनाथ बालकांचे जे संगोपन केले, त्याचे स्वरूप, त्यातील टप्पे आणि त्याच्या मर्यादा हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. काळाची मर्यादा मुख्यतः 1899-1900 चा दुष्काळ व त्यानंतरचे दशक एवढी आहे. तुलनेसाठी विसाव्या शतकाच्या अखेरच्या रुमानियाचे उदाहरण घेतले आहे. या विषयावर कृतज्ञता आणि संशय या दोन्हींची पुटे चढलेली आहेत. म्हणून प्रथम संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे.

‘अनाथ’ या संज्ञेची व्याख्या बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये दोन अंगांनी केली आहे. पहिल्या अंगानुसार ज्याला जन्मदाते अथवा दत्तक आईबाप नाहीत आणि कायदेशीर पालकही नाही, ते बालक अनाथ होय. दुसऱ्या अंगानुसार ज्याचा पालक आहे, परंतु तो सांभाळ करण्यास राजी नाही किंवा समर्थ नाही, तेही अनाथच. पहिल्या अनाथपणास मृत्युजन्य आणि दुसऱ्यास असामर्थ्यजन्य म्हणू. या दोहोंत मूलभूत भेद आहे. मृत्युजन्य अनाथपण अपरिवर्तनीय असते. असामर्थ्यजन्य अनाथपण कारण दूर होताच संपू शकते. दुष्काळात ज्या मुलाचा चुलता स्वतःच उपाशी आहे, ते मूल आषाढात अनाथ असेल आणि पुढच्या वर्षीच्या सुगीत नसेलही. बालक कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

‘संगोपन’ या संज्ञेत चार घटक अंतर्भूत आहेत. (1) पोषण, म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषध. (2) शिक्षण, म्हणजे अक्षरज्ञान व कसब. (3) नाते, म्हणजे विशिष्ट व्यक्तीशी जडलेला आणि सहसा न तुटणारा संबंध. (4) स्थान, म्हणजे नाव, कुळ, वारसा, विवाहयोग्यता आणि गावातील उठबस. कुटुंब हे चारही घटक एकत्र देते, म्हणून ते वेगळे दिसत नाहीत. संस्था ते सुटे सुटे देते आणि तेव्हा त्यांचे भेद स्पष्ट होतात. पहिला घटक द्रव्याने मिळतो. दुसरा द्रव्य आणि शिक्षक यांनी मिळतो. तिसरा द्रव्याने मिळत नाही. चौथा तर एकट्या संस्थेला देताच येत नाही. त्यासाठी तिच्याभोवती समाज असावा लागतो.

कालक्रमाने पाहता संस्थात्मक संगोपनाचेही चार टप्पे पडतात: प्रवेश, पुष्टी, शिक्षण आणि बहिर्गमन. लोकांचे लक्ष पहिल्या दोहोंकडे असते, कारण तेथे दृश्य करुण असते. संस्थेचे मूल्यमापन मात्र चौथ्यावर व्हावयास हवे.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य 1813 साली मुंबईत सुरू झाले आणि 1831 पासून अहमदनगर हे त्याचे देशावरील प्रमुख ठाणे झाले. सिंथिया फॅरार या 1839 साली नगरास आल्या व त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम तेथे चालविले. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा संबंधही याच नगरच्या संस्थेशी जोडला जातो. राहुरी, वडाळा (तालुका नेवासे), पारनेर या बाजूंना मिशनची ठाणी पसरली. प्रत्येक ठाण्याची रचना साधारण एकच: पादरीसाहेबांचा बंगला, देऊळ, शाळा, आणि शाळेला जोडलेले बोर्डिंग. अनाथांसाठी मुद्दाम काढलेली ही योजना नव्हती. खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांची मुले शिकावीत म्हणून बोर्डिंगे निघाली. दुष्काळ आला तेव्हा तीच अनाथालये झाली. बोर्डिंगमधून मूल सुटीत घरी जाते, अनाथालयातून ते जाऊ शकत नाही. इमारत तीच राहिली तरी संस्थेचा प्रकार त्यामुळे पालटला.

शके 1821 च्या, म्हणजे 1899 च्या पावसाळ्याने दगा दिला. जिल्हा मुळात पर्जन्यछायेचा. त्याच्या तीनच वर्षे आधी, 1896-97 मध्ये, एक दुष्काळ होऊन गेला होता आणि प्लेगही मुंबई इलाख्यात शिरला होता. पहिल्या दुष्काळात पेवातील धान्य गेले. दुसऱ्यात गुरे गेली. आणि गुरे गेल्यावर पाऊस पडूनही शेत उभे राहत नाही. 1891 च्या शिरगणतीत सुमारे 8 लाख 89 हजार असलेली जिल्ह्याची लोकसंख्या 1901 मध्ये सुमारे 8 लाख 38 हजारांवर आली. ही घट सगळी उपासमारीच्या मृत्यूंची नव्हे. स्थलांतर आणि रोगराई यांचाही तीत वाटा आहे. अनाथांच्या संख्येशी मात्र या तिन्ही कारणांचा सारखाच संबंध आहे, कारण स्थलांतर करणारा बाप परत न आल्यास मुलाच्या दृष्टीने तो मेल्यासारखाच.

प्रवेश

दुष्काळात बालक संस्थेत येण्याचे मार्ग तीन होते: नातेवाईक स्वतः आणून सोपवीत, सरकारी अन्नछत्रांतून मुले पाठविली जात, किंवा मिशनचे मास्तर आणि बायबल-बाई (स्त्रियांत धर्मप्रसार करणारी मिशनची सेविका) यांना ती रस्त्यावर सापडत. अन्नछत्रांविषयी सरकारचे धोरण तत्त्वतः असे होते की, निराधार मुलांचा आधी नातेवाईकांकडे, मग त्यांच्याच धर्माच्या व्यक्ती व संस्थांकडे शोध घ्यावा आणि कोणी न मिळाल्यास ती अन्य संस्थांकडे द्यावीत. या प्रश्नावर सर्वांत जोरकस भूमिका पंजाबातून मांडली गेली. लाला लजपतराय यांनी 1897 आणि 1899-1900 या दोन्ही दुष्काळांत आर्य समाजातर्फे हिंदू अनाथांसाठी चळवळ चालविली आणि 1901 च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली.

स्वधर्मीयांना अग्रक्रम देण्याचा नियम न्याय्य होता. परंतु त्याची अंमलबजावणी होण्यास स्वधर्मीयांची संस्था असावी लागते. महाराष्ट्रात अशा संस्था अगदीच नव्हत्या असे नाही. जोतीराव-सावित्रीबाईंचे बालहत्या प्रतिबंधक गृह 1863 चे. 1877 च्या दुष्काळात धनकवडीस सत्यशोधक समाजाने मुलांसाठी अन्नछत्र चालविले. पंढरपूरचे अनाथ बालकाश्रम लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने 1875 च्या सुमारास निघाले. पण नगर जिल्ह्यात मिशनकडे येणारी मुले बहुसंख्येने महार आणि मांग समाजांतील होती. त्यांना आपल्या पंक्तीला बसवील अशी हिंदू संस्था 1900 साली जिल्ह्यात शोधूनही सापडली नसती. ज्या वर्गाची मुले सर्वाधिक उघडी पडली होती, नेमक्या त्याच वर्गासाठी नियम रिकामा होता. मिशनवर आक्षेप घेणाऱ्याने हे आधी मान्य केले पाहिजे.

उलट मिशनच्या दृष्टीने दुष्काळ हा सेवेचा तसाच धर्मप्रसाराचाही प्रसंग होता, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. येथे तीन गोष्टींचे पृथक्करण करावे लागते: (अ) अन्नाच्या मोबदल्यात धर्मांतर, (आ) संगोपनाच्या ओघात होणारे धर्मग्रहण, (इ) प्रौढाने विचाराने केलेला स्वीकार. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये केला तो तिसऱ्या प्रकारचा. अनाथ बालकाचे प्रकरण बहुधा दुसऱ्या प्रकारात पडते. सहा वर्षांच्या मुलाची संमती ही संमती नव्हे. पण घरात वाढणाऱ्या कोणत्याही मुलाने आईबापांचा धर्म संमतीने घेतलेला नसतो. म्हणून दुसऱ्या प्रकारास फसवणूक म्हणता येत नाही आणि स्वातंत्र्यही म्हणता येत नाही. त्याची योग्यायोग्यता एकाच प्रश्नावर ठरते: संस्थेने धर्माबरोबर घराचे बाकीचे घटकही दिले काय? येथून विचार पुढच्या टप्प्यांकडे जातो.

पुष्टी

हा टप्पा थोडक्यात आटोपता येतो, कारण यातील नियम वैद्यकीय आहेत. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भाकरी दिली तर मूल दगावू शकते. पेजेपासून हळूहळू चढत जावे लागते. अतिसार, गोवर, डोळे येणे आणि खरूज या चार गोष्टी दाटीने राहणाऱ्या मुलांत हटकून पसरतात. वय माहीत नसते. दातांवरून अंदाजे लिहावे लागते. रजिस्टरात नाव, जात, गाव, आणलेल्याचे नाव, अंदाजे वय एवढे रकाने असले, तर ते त्या मुलाचे पूर्वायुष्याशी उरलेले एकमेव बंधन ठरते. ‘गाव’ हा रकाना कोरा राहिला, तर असामर्थ्यजन्य अनाथ कायमचा मृत्युजन्य होतो. कारण सुगी आल्यावर चुलत्याने त्याला शोधावे कोठे आणि संस्थेने त्याला पाठवावे कोठे? कारकुनाच्या आळसाने घडणारे हे अनाथपण दुष्काळाच्या हिशेबात कधीच दाखविले जात नाही.

द्रव्य

टप्प्यांच्या क्रमात न बसणारा, परंतु सर्व टप्प्यांवर परिणाम करणारा विषय म्हणजे द्रव्य. 1900 सालच्या अमेरिकन मदतीचे स्वरूप दुहेरी होते. एक धान्यरूप: मे 1900 मध्ये ‘क्विटो’ हे जहाज सुमारे 2 लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. दुसरे रोख: लुई क्लॉप्श यांच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांकडून निधी गोळा केला आणि पुढे मिशनांतील अनाथांच्या वार्षिक खर्चाचा भारही उचलला. भारतातील वाटपाची मोठी जबाबदारी नगरचे रॉबर्ट अॅलन ह्यूम यांच्यावर होती. ह्यूम यांचा जन्म मुंबईचा (1847), मराठी त्यांना सहज येई, नगरची धर्मज्ञान शाळा ते चालवीत, आणि दुष्काळकार्याबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले.

धान्यरूप मदत दुष्काळाशी बांधलेली असते. पाऊस पडला, पीक आले, की ती थांबते आणि थांबली पाहिजे. अनाथाच्या वार्षिक खर्चाची मदत बालकाशी बांधलेली असते. तिच्यात दाता दूर देशी एखाद्या मुलाचा खर्च उचलतो आणि त्याची खुशाली वाचतो. या पद्धतीचा गुण असा की दात्याचे लक्ष टिकते. तिचे दोष दोन. पहिला, मदतीची मुदत दात्याच्या उत्साहाने ठरते. ती चार-पाच वर्षांची असते आणि मुलाची गरज बारा-पंधरा वर्षांची. दुसरा दोष अधिक खोल आहे. मदत संस्थेत असलेल्या बालकामागे येते. तेच बालक राहुरीच्या बाजूच्या एखाद्या वाडीत चुलत्याकडे परत गेले, तर ती त्याच्यामागे जात नाही. चुलत्यास त्याच रकमेचा अर्धा भाग मिळाला असता, तर त्याने मूल ठेवून घेतले असते काय, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत उद्भवतच नाही. परिणामी असामर्थ्यजन्य अनाथास मृत्युजन्य अनाथाप्रमाणे वागविण्याची प्रवृत्ती संस्थेत, कोणाच्याही दुष्ट हेतूविना, निर्माण होते.

आर्थिक कारणाइतकेच सामाजिक कारणही येथे जमेस धरावे लागते. महार कुटुंबाचा वतनातील हक्क गावाशी आणि भावकीशी जोडलेला होता. 1850 च्या 21 व्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जात नाही असे ठरविले होते. कायद्यात हक्क राहिला, भावकीत राहिला नाही. दहा वर्षे मिशन कंपाउंडात काढून नवे नाव घेऊन आलेला पुतण्या वतनात वाटा मागू लागला, तर त्याचे स्वागत कसे होई, हे सांगावयास नको.

शिक्षण आणि बहिर्गमन

या दोन टप्प्यांचा विचार एकत्र करणे भाग आहे, कारण नगरच्या मिशनने ते एकत्रच योजले होते आणि त्याच्या कार्याचा विशेष येथेच आहे. कुटुंबातील मुलगा बापाचा धंदा घेतो. अनाथाला धंदा नसतो. आणि जातीच्या समाजात धंदा नसणे म्हणजे स्थान नसणे. बोर्डिंगात चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या शेकडो मुलांपैकी फार थोडे मास्तर किंवा प्रचारक होऊ शकतात. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न 1900 नंतर एकदम मोठा झाला. त्याचे उत्तर म्हणजे औद्योगिक शाळा. मुंबईचे पारशी उद्योगपती सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने ओळखली जाणारी नगरची औद्योगिक कला शाळा जेम्स स्मिथ यांच्या देखरेखीखाली चाले. सुतारकाम, धातूचे ठोकीव काम आणि गालिचे विणणे हे तेथील मुख्य उद्योग.

गालिच्याच्या मागाचे काम जवळून पाहिल्यास योजनेचे गुणदोष दोन्ही कळतात. माग उभा असतो. ताणा वरच्या तुळईवरून खालच्या तुळईपर्यंत ताणलेला. त्यापुढे फळीवर मुले ओळीने बसतात. एकजण नक्ष्याचे रंग मोठ्याने वाचतो, बाकीचे त्या त्या रंगाच्या लोकरीची गाठ दोन-दोन ताण्यांभोवती मारतात, टोक सुरीने कापतात, ओळ भरली की आडवा धागा घालून पंज्याने ठोकतात. या कामास बळ लागत नाही. बोटे बारीक आणि चपळ लागतात. म्हणून उपासमारीतून उठलेल्या दहा वर्षांच्या मुलास ते जमते. म्हणूनच ते बालश्रमाच्या सीमारेषेवरही असते. शिक्षण कोठे संपले आणि मजुरी कोठे सुरू झाली, हे मागाकडे पाहून सांगता येत नाही. विक्रीचे पैसे कोणाच्या खात्यात जमा झाले हे पाहूनच सांगता येते.

गालिच्याचा दुसरा दोष बाजाराचा. त्याचे गिऱ्हाईक खेड्यात नव्हते. ते साहेबांच्या बंगल्यात किंवा परदेशात होते. विद्यार्थी संस्थेतून बाहेर पडला की माग, लोकर, नक्षा आणि गिऱ्हाईक यांतले त्याच्याजवळ काहीच नसे. म्हणजे कसब त्याचे, धंदा संस्थेचा. या दोषावरील अधिक व्यवहार्य उत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अभियंता डी. सी. चर्चिल यांनी शोधू पाहिले. त्यांनी नगर येथे वेगाने चालणारा सुधारित हातमाग तयार केला; तो पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. लुगड्यांचे विणकाम हा नगरचा जुना धंदा. तो साळी, कोष्टी आणि तेलंगणातून आलेल्या पद्मसाळी समाजाच्या हाती होता. धोट्याचा वेग वाढविला तर गिरणीपुढे हातमाग टिकेल, हा त्या प्रयत्नाचा आर्थिक हेतू. त्याचा सामाजिक परिणाम असा की, विणकराच्या जातीत न जन्मलेला मुलगा विणकर होण्याची वाट उघडली. जातीबाहेरचे कसब ही एक गोष्ट मिशनने दिली आणि ती अन्य कोणी देण्याची शक्यता त्या काळी अल्प होती.

मुलींचे बहिर्गमन बहुतांशी विवाहाने होई. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात मूळची किमान वये वरास 16 आणि वधूस 13 अशी होती. बोर्डिंगात वाढलेल्या मुलाचा बोर्डिंगातल्याच मुलीशी विवाह लावला की दोघांनाही सासर मिळत नसे; दोघांनाही पादरीसाहेब आणि मडमसाहेब हेच मायबाप. तरी या विवाहांतूनच पुढे नगरमधील ख्रिस्ती वस्त्या वाढल्या. म्हणजे संगोपनाचा चौथा घटक, स्थान, संस्थेने थेट दिला नाही. तिने समाज तयार होऊ दिला आणि त्या समाजाने तो दिला. त्या समाजाचे सामर्थ्य किती वाढले हे पाहण्यास 1947 साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्थापिलेले अहमदनगर कॉलेज पुरेसे आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात (नगरजवळचे केडगाव नव्हे, दौंडकडचे) वेगळी रीत होती. तेथे संस्था हेच आयुष्यभराचे गाव झाले. छापखाना, शेती, विणकाम, शाळा सर्व आत. स्वतः रमाबाईंचे आईवडील दुष्काळातील हालअपेष्टांनी गेले होते. ज्यांना परतण्यास जागा नाही अशा स्त्रियांसाठी ती रीत योग्य ठरते. ज्या बालकांना आहे त्यांच्यासाठी ठरत नाही.

राहिला तिसरा घटक, नाते. येथे कायद्याचाच अडथळा होता. ख्रिस्ती कुटुंबाला दत्तक घेण्याचा कायदा नव्हता. 1890 च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळे, आणि ते मुलाच्या सज्ञानतेबरोबर संपे. 1956 चा दत्तक कायदाही हिंदूंपुरता. नगरच्या एखाद्या मास्तराने बोर्डिंगातील मूल घरी आणून पोटच्यासारखे वाढविले तरी कायद्याच्या लेखी ते परकेच राहिले. 2015 च्या आधीच्या बाल न्याय कायद्यातील दत्तकविषयक तरतुदी 2006 च्या दुरुस्तीने विस्तारल्यानंतर सर्व धर्मीयांना दत्तक घेण्याचा मार्ग मिळाला.

नाते नसल्याने काय बिघडते, हे 1900 साली कोणी मोजले नव्हते. ते मोजले गेले रुमानियात. चाउशेस्कू यांच्या राजवटीने 1966 च्या 770 क्रमांकाच्या हुकुमान्वये गर्भपातावर बंदी घातली. पुढे गरिबीमुळे सांभाळता न येणारी मुले सरकारी गृहांत सोपविली जाऊ लागली. डिसेंबर 1989 मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा गृहांत एक लाखाहून अधिक मुले होती. त्यांतील बहुसंख्य मुलांचे आईबाप जिवंत होते. म्हणजे आपल्या वर्गीकरणाप्रमाणे ते अनाथपण असामर्थ्यजन्य होते. पश्चिम युरोप आणि अमेरिकेतून ख्रिस्ती मंडळ्या मोटारी भरभरून कपडे, औषधे आणि दुरुस्तीचे सामान घेऊन तेथे पोचल्या. गृहे उबदार झाली, रंगविली गेली, आणि भरलेलीच राहिली. 2000 साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात 136 बालके घेतली होती. चिठ्ठ्या टाकून अर्धी पालक-कुटुंबांत ठेवली, अर्धी गृहांतील प्रचलित व्यवस्थेत राहिली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळ्याचे बंध अधिक सुधारले. आणि जी सुमारे दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांचे सर्वाधिक. 2004 च्या 272 क्रमांकाच्या कायद्याने रुमानियाने दोन वर्षांखालील मूल गृहात ठेवण्यास, अपवाद वगळता, बंदी केली.

नगर आणि रुमानिया यांतील साम्य आणि भेद आता नेमके सांगता येतात. साम्य असे की, दोन्हीकडे मदत संस्थेतील बालकामागे गेली, नातेवाइकामागे गेली नाही. भेद असा की, रुमानियातील गृहांपाशी बहिर्गमनाची योजना नव्हती. नगरच्या मिशनपाशी ती होती आणि तिच्याभोवती मूल सामावून घेणारा समाजही वाढत होता. रुमानियात गृहे भरत राहण्याचे कारण धोरण होते, नगरात ती भरण्याचे कारण पाऊस होता. पाऊस परत आला, हे मिशनच्या पदरी पडलेले श्रेय नव्हे. पाळण्यातील मुलांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे दुखणे एकच मानावे लागेल. दहा वर्षांच्या मुलाला मास्तर पुरतो, वर्षाच्या मुलाला पुरत नाही.

महाराष्ट्रातील प्रचलित व्यवस्थेत या प्रश्नांची काही उत्तरे उशिरा का होईना आली आहेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत साहाय्य संस्थेऐवजी बालक ज्या कुटुंबात राहते त्याच्यामागे जाते. दरमहा 1,100 रुपयांची रक्कम 2023 मध्ये 2,250 करण्यात आली. 1900 साली चुलत्यास जे मिळाले नाही ते हेच. बहिर्गमनासाठी 2015 च्या अधिनियमात 18 वर्षांनंतरच्या अनुरक्षणाची तरतूद आहे. आणि स्थानाचा प्रश्न, ज्याची जात रजिस्टरात लिहिलेली नाही त्याने दाखला आणावा कोठून हा, 2018 पासून राज्य सरकारने अनाथांसाठी ठेवलेल्या एक टक्का समांतर आरक्षणाने काही अंशी सोडविला. त्या आरक्षणाचा विचार आरंभी संस्थेत वाढलेल्या मुलांच्या अंगाने झाला. नातेवाइकांकडे वाढलेल्यांचा समावेश नंतर झाला आणि 2023 च्या शासननिर्णयात संस्थात्मक व संस्थाबाह्य असे दोन प्रकार केले गेले. दुसऱ्या प्रकारातील अर्जदाराला आईबापांच्या मृत्यूचे दाखले दोन्ही लागतात. ऊसतोडीला गेलेला बाप परतलाच नाही, अशा पाथर्डी-शेवगावकडच्या मुलापाशी यांपैकी एक दाखला नसतो.